प्राध्यापकांना मेल केला नाही तर अर्ज बाद? खुलासा

‘परदेशी एमएस-पीएचडीसाठी आधी किमान ५० प्राध्यापकांना मेल टाका, नाहीतर अर्ज उघडतही नाहीत,’ असा मेसेज मुंबईतल्या विद्यार्थी-पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतोय. सरसकट घेतला तर तो चुकीचा आहे.

अमेरिकेत नुसत्या कोर्सवर्कच्या (म्हणजे संशोधन न करता विषय शिकून पूर्ण होणाऱ्या) एमएसचे अर्ज प्रवेश समिती बघते. प्राध्यापकाला गाठून सहसा काही हाती लागत नाही. जीवशास्त्राच्या बऱ्याच पीएचडींमध्ये तर पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत काम करून मगच गाइड ठरतो. जर्मनीत मात्र उलटं. तिथल्या पारंपरिक डॉक्टरेटला गाइडचा होकार आधी मिळवावा लागतो. कॅनडातल्या संशोधनाच्या मास्टर्सलाही अनेक विभागांत तसंच. त्यामुळे प्रत्येक विभागाचे प्रवेशाचे नियम वाचायलाच हवेत. कंटाळवाणं काम आहे, म्हणून तर असले मेसेज चालतात.

आपल्याकडे कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) पीएचडीला परीक्षा आणि मुलाखतीची चाळणी असते. मेलने ती टळत नाही.

प्राध्यापकांना लिहायचंच असेल तर त्यांचा एखादा शोधनिबंध खरोखर वाचा आणि पाच-सहा ओळींत विचारा, यंदा विद्यार्थी घेणार आहात का? ‘रिस्पेक्टेड सर’चा एकच मजकूर पन्नास जणांना गेला की लगेच ओळखू येतो. त्यातल्या निम्म्या मॅडम निघाल्या तर विचारूच नका.