फेस्ताआधी चर्च नवंकोरं कसं करावं

गोव्यातल्या एखाद्या संरक्षित भागातलं तीन-चारशे वर्षांचं चर्च तुमच्या समितीच्या हाती असेल, देणगीदार तयार असतील आणि फेस्त, म्हणजे चर्चचा वार्षिक सण, चार महिन्यांवर आलं असेल, तर अभिनंदन. पैसा, भक्ती आणि तारीख जमली की जुन्या इमारतीचं काय वाटेल ते करता येतं. राहिलं सिमेंट. ते नाक्यावर मिळतं.

नुसत्या दुर्लक्षानंही इमारत पडते, हे खरं. पण त्याला धीर लागतो. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनचा मठ १८३५ मध्ये ओस पडला. चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं, दर्शनी भाग पडायला १९३१ उजाडलं आणि मनोऱ्याचा अर्धा भाग अजून उभाच आहे. इतकी वाट बघायला तुमच्या समितीची मुदत पुरणार नाही. म्हणून जीर्णोद्धार.

आधी कंत्राटदार ठरवा, मग काम ठरवा, आणि इच्छा झालीच तर शेवटी परवानगीचा अर्ज करा. अर्जात ‘दुरुस्ती’ एवढाच शब्द असावा. त्या शब्दात स्लॅबही बसतो. तुमचं चर्च जुन्या गोव्यातल्या केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या शेजारी असेल तर जरा अडचण आहे. १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० मध्ये बदल झाले. तेव्हापासून संरक्षित हद्दीबाहेर १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढचे २०० मीटर परवानगीनेच, आणि पहिल्या १०० मीटरांतल्या दुरुस्तीलाही मंजुरी लागते. नियम मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. घाबरू नका, आधी टाइल्सचं कोटेशन काढा. त्याच्यापुढे लाखाचा आकडा भाडेखर्चासारखा दिसतो.

जोडून सुट्ट्या पाहून शनिवारी दुपारी छिन्नी लावा. मंगळवारी कुणी पाहणीला येईपर्यंत जुना गिलावा टेम्पोतून गेलेला असतो, आणि जे उरलंच नाही ते जतन कसं करणार, या प्रश्नाला सरकारी उत्तर नाही. कामाआधी फोटो काढू नका, मापं घेऊ नका. नंतर कुणी तुलना करायला लागतं.

आता गिलावा. इथे घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच पदरात पडतं. भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची, मीटरभर किंवा त्याहून जाड, चुन्यात बांधलेली. पायात ओल अडवणारा थर नाही. जांभा सच्छिद्र, त्यामुळे जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं, चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर येतं आणि सुकतं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ही भिंत तो शतकानुशतकं पीत आणि सोडत आली. तुमचं काम तिचं सोडणं बंद करणं. जुना गिलावा चिऱ्यापर्यंत तासा, लोखंडी खिळ्यांनी कोंबडी जाळी ठोका, एकास चार सिमेंटचा २० मिलिमीटर थर द्या आणि वर ‘वेदरप्रूफ’ अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात.

पहिल्या वर्षी चर्च इतकं गुळगुळीत दिसेल की बिशपही कौतुक करतील. तेवढ्यात सगळे फोटो उरकून घ्या. पाणी मात्र चढतच असतं. बाहेरची वाट बंद झाल्यामुळे ते आणखी वर जातं. त्यातले क्षार, जमिनीतले आणि सिमेंटनं घातलेले, गिलाव्याच्या पाठीमागे स्फटिक होऊन फुगतात, खिळे गंजून फुगतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यानंतर गिलावा पत्र्यासारखा सुटतो. सिमेंट चिऱ्यापेक्षा कडक असल्यामुळे सुटताना चिऱ्याची सालही घेऊन जातं. चुन्याचा गिलावा खराब झाला की नुसता चुना जातो. सिमेंटचा गेला की भिंत जाते. हा फरक कंत्राटदाराला माहीत नसतो असं समजू नका. त्याला पुढचं कामही हवं असतं.

ओल दिसू लागली की आतून चार फूट उंचीपर्यंत चकचकीत टाइल्स लावा, म्हणजे ओल लपेल. पुढच्या श्रावणात ती टाइल्सच्या वर डोकं काढेल. मग टाइल्स आणखी दोन फूट चढवा. या शर्यतीत ओल हरत नाही. पण पोटमाळ्यापर्यंत टाइल्स पोचल्या की समितीचं समाधान होतं. वर तुळयांची टोकं भिंतीत रुतलेली असतात. आता ती कायम दमट राहतात आणि वाळवीला घर शोधत हिंडावं लागत नाही.

चुन्याचं काम सुचवणारा एखादा म्हातारा गवंडी भेटेल. तो चुना आठवडेच्या आठवडे भिजत ठेवायला सांगेल, पातळ थर देईल, ओलं गोणपाट लावेल आणि एक थर धरल्याशिवाय दुसरा देणार नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश दगड होतो, आणि फेस्ताची तारीख त्याला ठाऊक नसते. गवंड्याला चहा पाजून परत पाठवा.

कुणी शिकलेला सभासद म्हणेल, गिलावाच नको, मूळ दगड दिसू दे, जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चसारखा. त्याला लगेच समितीचं सचिवपद द्या. बॉम जेझूचं अभिषेकन १६०५ मध्ये झालं, आणि आज जो लालसर दगड पर्यटकांना ‘मूळ’ वाटतो तो १९५० च्या दशकात गिलावा काढल्यावर उघडा पडला. खाणीतून निघतो तेव्हा जांभा मऊ असतो, हवेवर कडक होतो. पण उघड्या चिऱ्यावर पावसाचा मारा बसत राहिला की त्यातली माती धुपते आणि भोकं उरतात. ज्यांनी चर्च बांधलं त्यांनी दगडाला चुन्याचा अंगरखा उगाच घातला नव्हता. पण उघडा दगड फोटोत फार ‘ऐतिहासिक’ दिसतो.

छपराकडे या. कौलं दर काही वर्षांनी चाळावी लागतात, माकडं फोडतात, सुतार मिळत नाही. स्लॅब टाका. मांगलोरी कौलांचं छप्पर रिपांसकट चौरस मीटरला साधारण ६५ ते ८० किलो भरतं. १२५ मिलिमीटरचा आरसीसी स्लॅब तीनशेहून अधिक. दहा मीटर रुंद आणि पंचवीस मीटर लांब सभागृहावर सोळा ते वीस टनांच्या जागी ७८ टन येतात, आणि दहा मीटरचं अंतर नुसत्या स्लॅबला पेलत नाही म्हणून लागणाऱ्या तुळयांचं वजन वेगळं. छपराचा भार पूर्वी भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या पट्टीवरून भिंतीभर पसरायचा. आता तो प्रत्येक तुळईखाली एकाच बिंदूवर चिऱ्यात घुसतो. खिडक्यांच्या कमानींवर तिरप्या भेगा दिसतील. त्या पुट्टीनं भरून रंगवा. समुद्राच्या खाऱ्या हवेत सळया गंजल्या की स्लॅबचे पोपडे सुटतात, तोवर समिती तिसरी असते. मग स्लॅबवर पत्र्याची शेड टाका. ती गळत नाही, फक्त जुलैत प्रवचन ऐकू येत नाही.

जमीन आणि खिडक्या एका आठवड्यात उरकतात. जमिनीतल्या थडग्यांचे कोरीव दगड काढून वाहनतळाच्या वाटेवर पालथे घाला आणि वर व्हिट्रिफाइड टाइल्स. जमिनीतून निघणारी ओलही मग भिंतीकडेच वळते. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या उन्हाचा झोत अडवून मऊ उजेड आणि फटींतून वारा देतात. काळ्या काचेचं अ‍ॅल्युमिनियम स्लाइडिंग दोन्ही थांबवतं. मग एसी बसवा.

आल्तारासाठी, म्हणजे वेदीसाठी, वेळ राखा. कोरीव लाकडावर खडू-सरसाचं अस्तर, त्यावर तांबडी माती, त्यावर सोन्याचा वर्ख, असा तो थरांचा खेळ आहे. रविवारी दोन तास एसी चालवून उरलेले सहा दिवस दमट ठेवलं की लाकूड आकसतं-फुगतं आणि वर्ख अस्तरासकट खपल्यांनी निघतो. उघड्या पडलेल्या जागी डब्यातला ‘गोल्डन’ रंग लावा. त्यात सोनं नसतं, पितळेची भुकटी असते. ती काळवंडते, हिरवट होते, आणि मग शेजारचं खरं सोनं विजोड दिसू लागतं, म्हणून तेही रंगवून एकसारखं करता येतं. भिंतीवरच्या चुन्याच्या थरांखाली जुनं चित्र निघालं तर मजुरांना गप्प बसायला सांगून पॉलिश पेपर फिरवा. चित्राची बातमी बाहेर गेली की काम वर्षभर अडलं समजा.

मनोरा एकच असेल तर दुसरा बांधून घ्या. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये पडला आणि आजवर कुणी पुन्हा उभारला नाही. इतक्या वर्षांत एकाही समितीला समतोल सुचू नये, कमाल आहे. जुनं रेखाचित्र नसलं तरी बिघडत नाही. फायबरचे कळस कॅटलॉगवरून मिळतात आणि चिऱ्याचा रंग छटेच्या नंबरानं मागवता येतो.

उतरवलेले सागवानी वासे भंगारात देऊ नका, ते किनाऱ्यावरच्या रेस्टॉरंटना हवे असतात. आलेल्या पैशांतून संगमरवरी कोनशिला करा आणि ती दर्शनी भिंतीत चार लोखंडी बोल्टांनी सिमेंटात बसवा. वरच्या दोन बोल्टांचा गंज दुसऱ्या पावसाळ्यापासून दगडावर ओघळतो, तेव्हा समितीची नावं कडेला न घेता मधोमध कोरायला सांगा.