"कॉर्डिलाइन सांगून ड्रेसिना दिला" या तक्रारीला नर्सरीकडून उत्तर

नमस्कार ताई. तुमचं म्हणणं असं की, कॉर्डिलाइन सांगून आम्ही त्याच्यासारखाच दिसणारा ड्रेसिना (दोन्ही पानांच्या शोभेची झाडं) गळ्यात मारला, लाल पानं दीड महिन्यात हिरवी पडली, शेंडे करपले आणि नेटवरचा बारीक पात्यांचा 'रेड स्टार' मागितला तर टाळाटाळ केली.

झाड कॉर्डिलाइनच आहे. तुमच्याच फोटोत रुंद पानाला खालून लांब, खाच असलेला देठ स्पष्ट दिसतोय. तरी शंका असेल तर कुंडी आडवी करून एक मूळ नखाने खरवडा. कॉर्डिलाइनचं पांढरं निघतं, ड्रेसिनाचं पिवळं-नारिंगी. चिठ्ठीवर जातीचं नाव 'टर्मिनॅलिस' आहे आणि नेटवर 'फ्रुटिकोसा' सापडतं, तर झाड एकच, पहिलं नाव जुनं.

'रेड स्टार' हे कॉर्डिलाइनच्याच ऑस्ट्रेलिस या दुसऱ्या जातीतून निवडलेलं वाण. ती जात मूळची न्यूझीलंडची, थंडी सोसणारी. आपल्या पावसाळ्यात कुंडीतली माती चार महिने ओली राहते, त्यात तिची मुळं कुजतात. इंडिव्हिसा ही आणखी एक जात तर तिथल्या थंड डोंगराळ भागातली, तिचं मुंबईत नावच काढू नका. तुमच्याकडची फ्रुटिकोसा न्यू गिनी आणि पॅसिफिक बेटांच्या दमट हवेत वाढणारी, म्हणून आम्ही तीच देतो. विकून मोकळं होणं सोपं होतं हो, पण मग दिवाळीआधीच तुम्ही भांडायला आला असता!

रंगाचं म्हणाल तर झाड टीव्हीशेजारी, एसीच्या झोतात ठेवलंय. अंधारात लाल रंग धरत नाही. बाल्कनीत सकाळचं कोवळं ऊन मिळेल तिथे हलवा, नवी पानं रंग घेऊन येतील. मे महिन्याचं दुपारचं ऊन मात्र नको. तुम्ही सुपर फॉस्फेट खत घातल्याचंही लिहिलंय. त्यात फ्लोराइड असतं आणि या झाडाचे शेंडे नेमके त्यानेच करपतात. ते बंद करा, भरपूर पाणी घालून माती एकदा धुऊन काढा.

फोटोत कुंडीपाशी मांजर बसलंय. ही पानं खाल्ली तर मांजराला उलट्या होतात, तेव्हा कुंडी उंचावर ठेवा.

पैसे परत मिळणार नाहीत. पण झाड घेऊन या, शेंडा कापून वेगळा लावून देऊ, खालच्या खोडालाही फुटवे येतील. त्याचे पैसे घेणार नाही. सोमवारी बंद असतो.