ताई, पाकीट कुठंय यात?

काल धनत्रयोदशीला आमच्या सोसायटीत 'कृतज्ञता सोहळा' झाला. क्लब हाऊसमध्ये फ्लेक्स लावला होता, 'यंदाची दिवाळी, साधी दिवाळी'. सफाईच्या दोन मावश्या आणि तीन वॉचमन यांना रांगेत उभं केलं, हातात एकेक सोनेरी खोका दिला आणि कमिटीच्या लोकांनी आळीपाळीने शेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. मावशींना तीनदा सांगितलं, "हसा की जरा!" मग टाळ्या, मग ग्रुपवर फोटोंचा पाऊस.

अर्ध्या तासाने मी खाली गेले, तर त्यातल्या एक मावशी जिन्याखाली मीटरच्या कपाटाला टेकून बसलेल्या. खोका मांडीवर. मला बघून म्हणाल्या, "ताई, जरा बघता का? पाकीट कुठंय यात?"

आम्ही दोघींनी मिळून तो खोका उघडला. वर रिबीन, आत रंगीत कागदाच्या कातरणांचा ढीग. त्यात एक वासाची मेणबत्ती, पुठ्ठ्याला चिकटवलेल्या दोन पणत्या, सोनपापडीचा छोटा डबा आणि अंगठ्याएवढ्या काचेच्या बाटलीत बदाम. मोजले. अकरा. मावशींनी एकेक वस्तू उलटीपालटी करून बघितली. तळाचा पुठ्ठा नखाने उचलला. कातरणं पदरात ओतून बोटांनी चाचपली. "कार्डात असंल," म्हणाल्या. कार्ड इंग्रजीत होतं, तुम्ही आहात म्हणून आमचं आयुष्य सुंदर आहे, असं काहीतरी. मी वाचून दाखवलं. आत काही नव्हतं.

मग त्यांनी पदरातली कातरणं परत खोक्यात भरली. फरशीवर पडलेला एक तुकडासुद्धा उचलला. "असू दे ताई. पोरीची फी भरायची होती, म्हणून इचारलं."

मला रात्रभर झोप लागली नाही.

गेल्या वर्षीपर्यंत दिवाळीला पाकिटात एक पगार जास्तीचा मिळायचा. नऊ हजार. उपकार नव्हते ते! बोनसच्या कायद्याने कामगाराला किमान 8.33 टक्के ठरवून दिले, म्हणजे बारा पगारांमागे एक. आमच्याकडे पाचच माणसं, तेव्हा कायद्याची सक्ती नाही. बरोबर आहे. म्हणूनच तर ते आपल्या मनावर होतं ना? तिथेच कात्री लावली. आणि लावणारे कोण, तर ज्यांचा स्वतःचा बोनस दोन दिवस उशिरा आला तेव्हा ग्रुपवर कंपनीचा उद्धार करत होते ते.

सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "यंदा साधेपणाने करायचं ठरलंय, मॅडम." साधेपणा? मग गेटवरच्या रोषणाईचं काय? दिवाळी पहाटेच्या गायकाचं, त्याच्या साउंड सिस्टीमचं काय? वर्गणी दर घरामागे हजार रुपये, घरं चौऱ्याऐंशी. साधेपणा सापडला तो फक्त झाडू मारणाऱ्या बाईच्या पाकिटात! आपल्या ताटातलं एक कमी करणं म्हणजे साधेपणा. दुसऱ्याच्या ताटातलं काढून घेणं याला आमच्या गावाकडे वेगळा शब्द आहे, तो मी सणाच्या दिवशी लिहिणार नाही.

आणि हे 'कृतज्ञता' प्रकरण आलं कुठून? माझी आई फराळाचं ताट शेजारी द्यायची, वर विणलेला रुमाल. ताट कधी रिकामं परत आलं नाही. समोरच्या काकूंकडे काही नसलं तर चिमूटभर साखर यायची, पण यायची. कुणी कार्ड लिहिलं नाही, कुणी फोटो काढला नाही. या वर्षी मी सहा घरी चकल्या-करंज्या दिल्या. चार डबे दाराबाहेर ठेवलेले मिळाले, रिकामे, एक तर न धुतलेला. बेल वाजवायचेही कष्ट नाहीत. आणि त्याच लोकांचे सकाळपासून दिव्यांचे, कमळांचे फॉरवर्ड चालू आहेत. दीडशे मेसेज! एकाही मेसेजमध्ये माझं नाव नाही.

फटाक्यांचं तर बोलायलाच नको. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये रात्री आठ ते दहा अशी वेळ ठरवून दिली. आमच्याकडे काल रात्री दीड वाजता माळ लावली, पार्किंगमध्ये, म्हाताऱ्या माणसांच्या खिडकीखाली. सांगायला गेले तर "सण आहे, काकू." तो कचरा कोण उचलतं? सणच उचलतो का?

आज पहाटे नरकचतुर्दशी. उटणं लावून, कारीट फोडून पोरं खाली उतरली तेव्हा सहाही वाजले नव्हते. मावशी त्याआधी आलेल्या होत्या. त्या दीडच्या माळेचा लाल कागद पार्किंगभर पसरलेला, दवाने ओला होऊन फरशीला चिकटलेला. तो झाडूने निघत नाही. त्या खाली बसून हाताने खरवडत होत्या. बाजूने नवे कपडे घातलेली माणसं पाय उचलून जात होती. "हॅपी दिवाळी, मावशी!" पाय उचलून!

संध्याकाळी लक्ष्मीपूजन. चौऱ्याऐंशी घरांपैकी निदान पन्नास घरांत कोरी केरसुणी लक्ष्मी म्हणून पाटावर मांडतील, तिला हळदकुंकू वाहतील, लाह्या-बत्तासे ठेवतील. तिला चुकून पाय लागला तर नमस्कार करतील. आणि ती केरसुणी वर्षभर जिच्या हातात असते तिला अकरा बदाम.

मला हे सहन होत नाही. मी वही आणि आईचा जुना स्टीलचा डबा घेऊन सकाळी नवापासून दारोदार फिरतेय. चहाला थांबले म्हणून एवढं लिहिलं. दोन मजले झाले, बारा घरं. सात घरांनी काही न विचारता पैसे दिले, त्यातल्या एका आजोबांनी तर आत जाऊन पेन्शनच्या पाकिटातून पाचशेची नोट आणली आणि म्हणाले, "खोक्याचं मला कुणी विचारलंच नाही गं." तिघांनी "नंतर बघू" म्हटलं. एकाने दार उघडलं नाही. बारावं घर सेक्रेटरींचं. "अहो, खोका दिलाय ना आपण?" मी डबा पुढे धरून तशीच उभी राहिले. शेवटी त्यांच्या बायकोने मागून हात घालून दोनशे टाकले.

पाच पगार जमायला अजून खूप आहे. तिसऱ्या मजल्यावर निघालेय.