पाच मिनिटांत आवरा म्हणे!

परत तेच! चर्चासत्रात निबंध वाचायला १५ मिनिटं कबूल केलेली, आणि व्यासपीठावर चढते न चढते तोच खालून चिठ्ठी: ‘५ मिनिटांत आवरा.’ सकाळी शाली-नारळांत दीड तास गेला, तो कुणाला दिसला नाही! बेळगावात वडगाव-शहापूरच्या साडीवाल्यांकडे चार महिने फिरले मी. प्रश्नावली मराठीत, कन्नडमध्येही. ‘काही अंशी सहमत’ला दोन्ही भाषांत सारखंच वजन हवं, नाहीतर लिकर्ट या मानसशास्त्रज्ञाची ‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ अशी पाच पायऱ्यांची मोजपट्टी (१९३२ची) वापरून उपयोग काय? तेच तर सांगायचं होतं! समोर माणसं सहा, त्यातली चार आपापल्या स्लाइड चाळणारी. एकही प्रश्न नाही. प्रमाणपत्र मात्र जेवणाआधीच हातात. अहो, नोंदणीचे पैसे घेता, तर निबंध ऐका तरी!