रेकॉर्डिंगमध्ये न आलेला कोयता

कुळागरवाल्यांच्या (गोव्यातल्या सुपारीबागायतदारांच्या) ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘जाणत्या माणसाला दोन तास बोलतं करा, रेकॉर्डिंग एआयला द्या, तज्ज्ञ प्रणाली (तज्ज्ञासारखा सल्ला देणारा संगणक-प्रोग्राम) तयार. ज्ञान टिपण्याची जुनी साधनं मोडीत काढा.’ हे मला पटत नाही.

‘जाणता सगळं सांगतो.’ नाही सांगत. गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या माझ्या काकांना मी फोन समोर ठेवून विचारलं, कोळेरोगावरचं, म्हणजे सुपारीची फळं कुजवणाऱ्या रोगावरचं, मिश्रण कसं करता? म्हणाले, १ किलो मोरचूद (तांब्याचा क्षार), १ किलो चुना, १०० लिटर पाणी. बस्स. पावसाच्या तोंडावर फवारणी निघाली तेव्हा त्यांनी कोयत्याचं पातं मिश्रणात बुडवलं आणि उजेडात धरलं. पात्यावर तांबूस थर. “आणखी चुना घाल रे.” चुना जुना, वजनाला किलो भरला तरी जोर गेलेला. चुना कमी पडला की उरलेलं तांबं लोखंडावर बसतं, आणि तसंच फवारलं तर कोवळी सुपारी करपते. काकांच्या लेखी ही सांगण्याची गोष्टच नव्हती. काम करताना मनातलं मोठ्याने बोलायला लावणं, किंवा तीन घड समोर ठेवून ‘कुठले दोन सारखे, तिसरा कशाने वेगळा?’ असं विचारणं, ही साधनं यासाठीच आहेत. ही तीन-तीन वस्तू ताडून बघण्याची रीत मानसशास्त्रज्ञ जॉर्ज केली यांच्या १९५५ च्या कामातली.

‘नियम मिळाले की संपलं.’ रक्तातल्या जंतुसंसर्गावर औषध सुचवणारी मायसिन ही प्रणाली १९७० च्या दशकात स्टॅनफर्डला झाली. तिच्यासाठी रँडल डेव्हिस यांनी टायरेसियस हे साधन केलं. उत्तर पटलं नाही की ते डॉक्टरांना नियमांच्या साखळीतून मागे नेई: कुठे बिनसलं, कुठला नियम राहिला? चूक डोळ्यांसमोर आली की राहून गेलेलं आठवतं. काकांचंही तेच झालं.

‘जुनी साधनं मोडीत.’ १९८० च्या दशकात मार्क म्युसेन यांनी सुरू केलेलं प्रोटेजे, म्हणजे तज्ज्ञांचं ज्ञान संगणकात मांडून ठेवण्याचं साधन, आजही वापरात आहे.

सोयाबीनच्या रोगनिदानात यंत्राने काढलेले नियम तज्ज्ञांच्या नियमांपेक्षा सरस ठरले, हे १९८० मध्ये संगणकशास्त्रज्ञ मिखाल्स्की यांनी दाखवलं, ते खरंच. पण ते नियम निघाले तपासलेल्या झाडांच्या नोंदींतून, गप्पांतून नव्हे.

दुसरी फवारणी ४०-४५ दिवसांनी येते. त्या दिवशी फोन काकांच्या खिशाला लावणार आहे, आणि कोयता बुडवला की लगेच विचारणार: आत्ता काय बघितलंत?