असं नको

गेल्या शनिवारी दादरच्या एका एसी हॉलमध्ये, बत्तीस अनोळखी माणसांसमोर, मला उभं करण्यात आलं. शाळा सुटून चाळीस वर्षं झाली, तरी. गुन्हा काय, तर केशरी शर्ट.

झालं असं, की साडूच्या नादाने आम्ही ताडोबा आणि कान्हा अशी सहल ठरवली. निघण्याआधी सहलवाल्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. चहा, बटाटेवडा आणि सूचना. सूचना सांगणारी मुलगी गोड होती. तिने छापील कागद वाटले, 'कुणाला काही शंका?' असं विचारलं आणि तिथेच फसली. कारण तिसऱ्या रांगेतून एक गृहस्थ उठले. त्यांना शंका नव्हती. त्यांना माहिती होती.

वय पासष्टच्या आसपास. डोक्यावर कडा असलेली टोपी, गळ्यात दुर्बीण, अंगात असंख्य खिशांचं मातकट जाकीट. दादरला. हॉलमध्ये. एसीत. दुर्बिणीतून त्यांना फार तर वड्यांची ताटली दिसली असती, आणि ती तशीही दिसत होती.

"मी ताडोबाला सतरा वेळा गेलोय," हे त्यांचं पहिलं वाक्य. बऱ्याच वाक्यांची सुरुवात तीच होती. त्यामुळे इथून पुढे मी त्यांना सतरावेळा म्हणतो. त्यांनी नाव सांगितलं होतं, पण मला ते लक्षात ठेवायचं नाही.

"प्रत्येक जंगलाचा कायदा वेगळा," सतरावेळा म्हणाले. "ताडोबा मंगळवारी बंद. कान्हा बुधवारी दुपारी बंद, सकाळी चालू. आपलं बोरिवली सोमवारी बंद."

हे शेवटचं मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी बावीस वर्षं बोरिवलीत राहतो. नागपूरहून आलेल्या काकांना मी मोठ्या दिमाखात राष्ट्रीय उद्यान दाखवायला नेलं, तो सोमवार होता. शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं जंगल, दोन तलाव, कान्हेरीची लेणी, यातलं काहीही न दाखवता मी त्यांना कुलूप दाखवलं. काकांनी बाहेर वडापाव खाल्ला आणि "छान ठेवलंय" म्हणाले. नागपूरचा माणूस. त्यांच्याकडे जंगल अंगणात असतं.

तर सतरावेळा. ताडोबाच्या कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव गाभ्यात, डिसेंबर 2018 पासून मोबाईलला बंदी आहे, हे त्यांनी सांगितलं तेव्हा हॉलमध्ये खरीखुरी कुजबूज झाली. परमिटवरचं नाव आणि ओळखपत्र जुळलं पाहिजे, जिप्सीत सहाच माणसं बसणार, गेट पहाटे उघडणार, हे सगळं लोकांनी निमूट ऐकून घेतलं होतं. मोबाईलवर मात्र एक ताई उठल्याच.

"मग वाघ दिसला हे लोकांना कळणार कसं?"

"लोकांना कशाला कळायला हवं?"

ताईंना हा प्रश्नच कळला नाही. खरं सांगायचं तर मलाही.

सतरावेळांनी मग कारण सांगितलं. मोबाईल असला की एका जिप्सीला वाघ दिसतो, फोनाफोनी होते, आणि दहा मिनिटांत तिथे वीस जिप्स्या लागतात. वाघाला पाण्यावर जायचं असतं आणि समोर हा ट्रॅफिक जाम. एवढं पटलं मला. घोडबंदर रोडला राहणारा साडूही मान हलवत होता.

मग एका आजोबांनी सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला. सफारी साधारण चार तासांची. जिप्सीतून खाली उतरायचं नाही. आणि त्यांचं वय एकाहत्तर.

"नियोजन," सतरावेळा म्हणाले.

"म्हणजे?"

"आदल्या रात्रीपासून नियोजन."

आजोबा खाली बसले. मला त्यांचा चेहरा अजून दिसतो.

पुढे शांतता. जंगलात बोलायचं नाही हे कागदावर एका ओळीत छापलेलं होतं, पण सतरावेळांना प्रात्यक्षिक हवं होतं. "सगळ्यांनी दोन मिनिटं पूर्ण शांत बसायचं. फक्त ऐकायचं." बत्तीस माणसं माना खाली घालून बसली. नेमकं तेव्हाच दार उघडून एक जोडपं उशिरा आलं. त्यांनी हॉलकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, चपला काढल्या आणि हात जोडून उभे राहिले. बाईंनी शेजारच्याला हळूच विचारलं, "कोण गेलं?" त्या शांततेत सतरावेळांनी अचानक घशातून सांबराचा कॉल काढला. वाघ जवळ असल्याची सूचना असते ती. चहावाल्या पोऱ्याने दारातूनच ट्रे मागे घेतला.

इथपर्यंत मी हसत होतो. तीच चूक झाली. हसणारा माणूस वर्गात सगळ्यात आधी दिसतो.

"तुम्ही," सतरावेळा म्हणाले. "हा शर्ट नेणार आहात?"

"नाही, नाही. आज घातलाय फक्त."

"पण नेऊ शकता."

"नेऊ शकतो, पण..."

"म्हणजे विचार आहे. उभे राहा जरा."

आणि मी राहिलो! याचंच मला राहून राहून वाईट वाटतंय. माझी पंचवीस वर्षांची नोकरी आहे, सोसायटीचा मी दोनदा खजिनदार होतो, लिफ्टच्या वादात मी एका बिल्डरला निरुत्तर केलेलं आहे. पण खाकी कपड्यातल्या माणसाने 'उभे राहा' म्हटलं की आपल्यातलं काहीतरी आपोआप उभं राहतं.

सतरावेळांनी हात माझ्याकडे केला, तळवा वर, जसं दुकानदार साडी दाखवतो.

"असं," ते म्हणाले. मग बत्तीस जणांकडे वळले. "असं नको."

एवढंच. पुढे वळून नाही, वर खाली नाही, फक्त 'असं'. शर्ट बहिणीने भाऊबीजेला दिलेला होता, हे सांगायची संधीही नाही. लोक माझ्याकडे बघून मान डोलावत होते. त्यांना विषय समजला होता. मागच्या बाईंनी हे कागदावर लिहूनही घेतलं. बायको दुर्बिणीविनाही मला दिसत होती, आणि ती पदर तोंडाला लावून हसत होती.

"खाकी, ऑलिव्ह, मातकट," सतरावेळा म्हणाले. "आणि नवे कपडे तसेच आणू नका. खळीचा वास येतो. दोनदा धुवा, चार दिवस वापरा, मग आणा. अत्तर नको, सेंट नको."

"गजरा?" मघाच्या ताई.

सतरावेळा पहिल्यांदा अडले. सतरा फेऱ्यांत हा प्रसंग आला नसावा. "गव्याला चालेल," ते विचार करून म्हणाले. "वाघाचं सांगता येत नाही."

परत येताना मी विरार फास्ट सोडून मुकाट्याने बोरिवली लोकल पकडली. बोरिवलीकराने विरार गाडीत चढू नये हा नियम कुठल्याही फलकावर लिहिलेला नाही, पण तो मोडून बघा. कोअरमध्ये पायी फिरणं परवडलं. आणि त्या दिवशी मला आणखी कुणाकडून 'असं नको' ऐकायचं नव्हतं.

गोरेगाव गेल्यावर मला उत्तर सुचलं. वाघ स्वतः कोणत्या रंगाचा असतो हो?

नेहमी असंच होतं. उत्तर दादरला हवं असतं आणि ते येतं गोरेगावला.

रात्री झोप लागेना, म्हणून सूड घ्यायला वाचत बसलो. तर काय, हरणांच्या डोळ्यांना केशरी आणि हिरवा यांतला फरकच कळत नाही. म्हणूनच तो एवढा भडक रंगाचा प्राणी गवतात दिसेनासा होतो. म्हणजे त्या हॉलमध्ये जंगलात जायला सर्वांत योग्य पोशाख कुणाचा होता? मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "आणि माकडांना?" मी पुन्हा वाचलं. वानरांना आपल्यासारखेच सगळे रंग दिसतात. आणि जंगलात झाडावर बसून ओरडायचं काम तीच करतात. हे मी सतरावेळांना कधीच सांगणार नाही.

तरी वाचत राहिलो. जगात कुठेतरी माझ्यापेक्षा जास्त अपमान होत असेल अशी आशा होती. रवांडात गोरिला बघायला परदेशी माणसाने 1500 डॉलर मोजायचे. आठ जणांचा गट, एक तास, घड्याळ लावून. पंधरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आणि सर्दी झाली असेल तर तुम्हीही परत, कारण आपलं पडसं गोरिलाच्या जिवावर बेतू शकतं. पैसे भरायचे, डोंगर चढायचा, आणि शिंक दाबायची. यलोस्टोनमध्ये अस्वलापासून शंभर यार्ड लांब राहायचं आणि बायसनपासून पंचवीस. गॅलापागोसमध्ये प्राण्यापासून दोन मीटर, आणि गाईडशिवाय हिंडायचं नाही. मला तर आमच्या जिन्यात शेजाऱ्यांच्या चपलांच्या रॅकमुळे माणसापासूनही दोन मीटर मिळत नाहीत. नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये उलटंच : वस्तीबाहेर जायचं तर ध्रुवीय अस्वलाला पिटाळायचं साधन तुमच्याजवळ हवंच. आणि तरीही 2025 पासून त्या अस्वलापासून किमान तीनशे मीटर, मार्च ते जून तर पाचशे मीटर लांब राहायचं. पिटाळायची तयारी ठेवा, पण पिटाळण्याइतके जवळ जाऊ नका. हे ज्याने लिहिलं तो कुठल्यातरी हाउसिंग सोसायटीत सेक्रेटरी असणार.

आपल्याकडेही कमी नाही. कॉर्बेटमध्ये ढिकालाच्या मुक्कामात मांसाहार बंद, दारू बंद. म्हणजे त्या अख्ख्या परिसरात मांसाहाराची परवानगी फक्त वाघाला. साडू हे ऐकून म्हणाला, कॉर्बेट रद्द. कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत रोज तीनच हजार माणसं सोडतात. तीन हजार! संध्याकाळी दादरच्या पुलावर तेवढी माणसं माझ्या खांद्यावर असतात. वाईट एवढंच, की हे बहुतेक नियम बरोबर आहेत. वाचलं की राग यायला हवा, तो येईना. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोअरमधलं पर्यटन काही महिने थांबवलंच होतं. नंतर जी मार्गदर्शक तत्त्वं आली त्यांत कोअरच्या वीस टक्क्यांहून जास्त भागात पर्यटक नकोत असं ठरलं. उरलेल्या ऐंशी टक्क्यांत वाघाला कुणी बघायला येत नाही. मलाही घरात तसे ऐंशी टक्के हवेत.

मग माझं दुखणं नेमकं काय आहे, ते पहाटे तीनच्या सुमाराला कळलं. आमच्या खिडकीतून उद्यानाच्या टेकड्यांची काळी रेघ दिसते. त्या टेकड्यांच्या पोटातून ठाणे ते बोरिवली जुळा बोगदा जाणार आहे, दहा किलोमीटरहून जास्त लांबीचा. होऊ दे, घोडबंदरला साडूचं अर्धं आयुष्य सिग्नलला गेलंय, त्याला विचारा. पण बोगदा खणणाऱ्या त्या अजस्र यंत्राला कुणी दोन मिनिटं शांत बसायला सांगितलं असेल? कुणी म्हणालं असेल, "जरा उभे राहा. असं. असं नको"? वन्यजीव संरक्षणाचा कायदा 1972 पासून आहे. त्यात अभयारण्यात गुरं चारायला निदान परवानगी मिळू शकते, राष्ट्रीय उद्यानात तीही नाही. शेळीला नाही. केशरी शर्टाला नाही. माणूस जितका लहान तितका नियम मोठा, असं काहीतरी मी अंधारात पुटपुटलो, तेव्हा बायको म्हणाली, "झोपा आता, तुमचा कॉल ऐकून सोसायटी जागी होईल."

ती बरोबर बोलली. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवरून परवाच एक बिबट्या आत येऊन गेला. रजिस्टरमध्ये सही नाही, ओळखपत्र नाही, वार मंगळवार. कॅमेऱ्यात दिसतो : ठिपके ठिपके, चांगला पिवळाधमक. त्याला कुणी काही बोललं नाही.

सोमवारी मी खाकी शर्ट घेतला. साडेनऊशे रुपये. दुकानदार म्हणाला, "जंगलला चाललात का? या आठवड्यात सातवे." सांगितल्याप्रमाणे दोनदा धुतला. सांगितल्याप्रमाणे वापरायला काढला. काल संध्याकाळी तो घालून बोरिवली स्टेशनबाहेर उभा होतो. बायको भाजी घ्यायला गेली होती, आणि मी रांगेतल्या एका रिकाम्या रिक्षाला टेकून तिची वाट बघत होतो. हातात दोन पिशव्या घेतलेली एक बाई लगबगीने माझ्यापाशी आली.

"दादा, आयसी कॉलनी येणार?"

मी तिच्याकडे बघितलं. मग स्वतःच्या शर्टाकडे बघितलं. सगळा आठवडा डोळ्यांपुढून गेला.

"नाही," मी म्हटलं. "तिकडून रिटर्न भाडं मिळत नाही."

आणि मान फिरवली.