लोकल बातम्या लोकल राहू द्या ना!

अरे लोकल बातम्या म्हणजे आपल्या गावच्या ना? मग त्या अमेरिकेत बाल्टिमोर शहराजवळ बसलेल्या स्मिथ कुटुंबानं का ठरवायच्या? सिंक्लेअर ही त्यांची टीव्ही कंपनी, तिची देशभरात शंभरावर टीव्ही स्टेशन्स, एकेका शेअरला दहा मतं असलेले खास शेअर घरातच, त्यामुळे बाकीच्यांनी कितीही पैसे घातले तरी शब्द यांचाच. २०१८ ला शहराशहरातल्या अँकर्सच्या हातात एकच स्क्रिप्ट दिली आणि सगळ्यांनी ती वाचली, शब्द न् शब्द सेम! वर तेव्हा हेडऑफिसची राजकीय भाष्यं 'मस्ट-रन', म्हणजे प्रत्येक स्टेशनला दाखवायलाच लागायची. मग सिअ‍ॅटलच्या माणसाला तिथल्या शाळेचं, नगरपालिकेचं कोण सांगणार? २०२४ ला याच कुटुंबातल्या डेव्हिड स्मिथनी 'बाल्टिमोर सन' पेपरपण घेतला. अजून किती गिळणार? लोक त्या ओळखीच्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षं विश्वास ठेवतात हो, आणि तुम्ही नेमका तोच वापरता, चीड येते नुसती!